अपुऱ्या स्मृतीची रंगीत तालीम

२० जुलै १९६९ रोजी मानव चंद्रावर उतरला, हे आपल्या वसतिगृहातील लहान विद्यार्थीही सांगेल. त्याआधी काही दिवस अमेरिकेतील ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात फसलेली एक तालीम मात्र पाठ्यपुस्तकात आढळत नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते.

अपोलो ११ च्या चांद्रयानातील संगणकाची बदलती स्मृती, म्हणजे मेमरी, अवघी २,०४८ शब्दांची होती. शब्द म्हणजे सोळा बिटांचे एक घर. प्रत्येक चालू कामाला बारा शब्दांचा एक संच मिळे, आणि असे संच आठच होते. आठही गुंतलेले असताना नववे काम दाराशी आले तर? याचे उत्तर अभियंत्यांनी आधीच लिहून ठेवले होते: इशारा द्यावा, सारी कामे थांबवावीत आणि अत्यावश्यक तेवढीच पुन्हा सुरू करावीत.

उत्तर यंत्रात होते. माणसांना त्याची पुरती ओळख नव्हती. तालमीत प्रशिक्षकांनी मुद्दाम संगणकाचा एक अपरिचित इशारा आणला. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी अवतरण रद्द करविले, आणि नंतरच्या चर्चेत तो निर्णय चुकीचा ठरला. उड्डाण संचालक जीन क्रँझ यांनी मग प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करावयास लावला. जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या अभियंत्याने त्यांची यादी हाताने लिहून काढली.

प्रत्यक्ष अवतरणात रडारच्या अनावश्यक संकेतांनी संगणकाचा वेळ खाल्ला. जुनी कामे संपेनात, नवी येत राहिली, संच पुरेनात. पडद्यावर १२०२ हा आकडा झळकला. गार्मन यांच्यापाशी यादी होती. बेल्स यांनी पुढे जाण्यास संमती दिली. असे इशारे एकूण पाचदा आले, तरी यान सुखरूप उतरले.

आज स्मृती विपुल आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. लिनक्स प्रणाली सहसा प्रोग्रॅमची मागणी, शिल्लक न पाहताच, मान्य करते. पुढे खरोखरच तुटवडा पडला की एखादा प्रोग्रॅम सरळ बंद पाडते. त्यामुळे नकार मिळाल्यास काय करावे, यासाठी लिहिलेला भाग कधी चालतच नाही. तो चालवून पाहण्यासाठी कृत्रिम टंचाई निर्माण करावी लागते. ‘युलिमिट -व्ही १०००००’ ही आज्ञा दिल्यास त्यानंतर त्याच खिडकीतून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला सुमारे शंभर मेगाबाइटच्या पलीकडे जागा मिळत नाही. ही मर्यादा सामान्य वापरकर्त्याला तेथे पुन्हा वाढवता येत नाही, म्हणून वेगळी खिडकी उघडलेली बरी.

मग पाहावे: प्रोग्रॅम हातातील काम जतन करतो का, स्पष्ट संदेश देतो का, की मुकाट्याने कोसळतो? मर्यादा थोडी थोडी उतरवीत गेल्यास कोसळण्याची जागाही बदलत जाते. तेव्हा एका आकड्यावर थांबू नये.