फार्मासिस्टची साक्ष

गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर एक वडील आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाचे डी. फार्म. पूर्ण झाले होते, नोंदणीही झाली होती. वडिलांनी दुआ करण्याची विनंती केली आणि मग हळूच विचारले, "मौलाना, दुसऱ्या गावातले एक दुकानदार याचे प्रमाणपत्र दुकानात लावायला मागताहेत. दरमहा पैसे देतील. याला तिथे जाऊन बसायचीही गरज नाही. काही हरकत तर नाही ना?" मुलगा मान खाली घालून उभा होता.

वाचकहो, हा प्रश्न एकाच घराचा नाही. आपली अनेक मुले-मुली आज फार्मसीकडे वळत आहेत. अक्कलकुवा येथील जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमच्या छायेत तर कुरआनच्या हिफ्जबरोबर फार्मसीचेही शिक्षण दिले जाते. ही समाधानाची बाब आहे. परंतु दीनी वातावरणात शिकणे वेगळे आणि शिकलेला दीन दुकानाच्या गल्ल्यामागे उभे राहून पाळणे वेगळे.

प्रथम प्रमाणपत्राचा अर्थ समजून घेऊ. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. भिंतीवरील ते प्रमाणपत्र रुग्णाला सांगत असते की, तुझे औषध जाणकार माणसाने पाहून दिले आहे. म्हणजेच ती एक साक्ष आहे. ज्याचे नाव त्यावर आहे तो माणूस दुसऱ्याच गावी असेल, तर ती साक्ष खोटी ठरते. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा महापातकांविषयी सांगत होते. तोवर ते टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच सरळ उठून बसले आणि तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले. आता ते थांबतील तर बरे, असे सहाबांना वाटू लागले, इतक्या वेळा!

कोणी म्हणेल, यात कोणाचे काय बिघडते? एक उदाहरण पाहा. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवाताच्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. तेच कोणी चुकून रोज घेतले, तर जिवावर बेतू शकते. ‘ही गोळी आठवड्यातून एकच दिवस’ असे बजावून सांगणारा माणूस दुकानात नसेल आणि शेजारचा नोकर केवळ नाव वाचून पाकीट काढून देत असेल, तर त्या वृद्ध मातेचे रक्षण कोण करणार? वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील, तो होणाऱ्या हानीस जबाबदार आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग ज्ञान असूनही जो आपली जागा अज्ञानी माणसाला भाड्याने देतो, तो या जबाबदारीतून कसा सुटेल?

आपल्या पूर्वजांनी ही बाब केवळ उपदेशावर सोडली नव्हती. मुस्लिम नगरांच्या बाजारपेठांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाराव्या शतकातील शैझरी यांनी या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात औषधविक्रेत्यांची भेसळ कशी ओळखावी, याचे स्वतंत्र विवेचन आहे. इ.स. १२६० मध्ये कैरो येथे कोहेन अल्-अत्तार या ज्यू औषधविक्रेत्याने ‘मिन्हाज अद्-दुक्कान’ हा ग्रंथ रचला. त्यात औषधांच्या कृतींपूर्वी त्याने आपल्या मुलाला या व्यवसायातील सचोटीचा उपदेश केला आहे. आधी चारित्र्य, मग कृती, हा क्रम त्या बाजारात सर्वधर्मीयांना मान्य होता.

हाच क्रम आपल्या घरात आणावयाचा आहे. डी. फार्म.च्या दोन वर्षांनंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. त्यासाठी जेथे फार्मासिस्ट स्वतः उभा राहतो, असे ठिकाण शोधा. हजर न राहता शिक्का मिळवून देऊ नका. खोट्या साक्षीचा पहिला धडा तेथेच मिळतो. क्षयरोगाची औषधे आणि काही प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत येतात. त्यांच्या विक्रीची नोंद स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. मुलीला किंवा मुलाला सांगा की ही वही निरीक्षक पाहील अथवा न पाहील, अल्लाह पाहत आहे. आणि रात्री घरी आल्यावर ‘आज किती मिळाले?’ एवढेच विचारू नका. ‘आज कोणाला औषध नाकारावे लागले का?’ हेही विचारा.

त्या वडिलांना मी म्हणालो, "भाईजान, ही कमाई हलाल नाही. हा आपल्या मुलाच्या साक्षीचा सौदा आहे." ते बराच वेळ गप्प राहिले. घरावर शिक्षणाचे कर्ज आहे, असे म्हणाले. ती अडचण खोटी नव्हती. तेव्हा मुलगाच बोलला, "अब्बा, मी तिथे रोज जाऊन उभा राहीन. नाहीतर दुसरीकडे नोकरी पाहीन. पगार कमी असला तरी चालेल."

मी त्या मुलासाठी मनापासून दुआ केली. तुम्हीही करा. अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात अमानतदारी आणि त्यांच्या अल्प कमाईतही बरकत देवो. आमीन.