आधीं थांबणें, मग धांवणें

विद्यार्थीमित्रहो, रनाळे येथें सकाळच्या प्रहरीं रस्त्याच्या कडेस क्षणभर उभें राहिलें, तर दुधाच्या कॅनी, गवताचे भारे, खताचीं पोतीं आणि शाळेस निघालेलीं मुलें या सर्वांना घेऊन धांवणारें एकच वाहन पुनः पुनः दृष्टीस पडतें. तें म्हणजे लहान मोटारसायकल. वडीलधाऱ्या माणसांच्या भाषेंत ‘फटफटी’. नंदुरबारच्या बाजारास जाण्यांत बैलगाडीचा अर्धा दिवस मोडे, तें अंतर ही तासाच्या आंत काटते. असें हें उपयुक्त वाहन आपणांस चालवितां यावें, असें तुम्हांपैकीं प्रत्येकास वाटत असेल, व तसें वाटणें स्वाभाविकहि आहे. परंतु आमचा अनुभव असा, कीं बहुतेक नवशिके या विद्येचा उत्तरार्ध आधीं शिकतात, आणि पूर्वार्ध शिकावयाचा राहूनच जातो. तो पूर्वार्ध कोणता, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम या वाहनाचा स्वभाव पाहूं. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलिब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं पेट्रोलवर चालणारी दुचाकी तयार केली. तिचा सांगाडा लांकडी होता, आणि ती कलंडूं नये म्हणून दोन्ही बाजूंस एक एक लहान चाक लाविलेलें होतें. आजच्या फटफटीस तीं चाकें नाहींत; मग ती उभी कशी राहते? चालती गाडी ज्या बाजूस झुकूं लागते, त्याच बाजूस हँडल किंचित् वळतें किंवा चालक तें वळवितो. त्यामुळें चाकें पुनः तोलाच्या खालीं येतात. गाडीस वेग असला म्हणजे हें कार्य सहज घडतें. वेग अगदीं मंदावला म्हणजे तेंच कठीण होतें. तात्पर्य, फटफटी पळविणें सोपें व सावकाश चालविणें अवघड. नवशिक्या येथेंच फसतो. वेगांत गाडी स्थिर वाटते, म्हणून ती आपणांस वश झाली असें तो समजतो.

आम्ही स्वतः असेंच समजलों होतों. वयाचीं अठरा वर्षें पुरीं होऊन शिकाऊ परवाना हातीं आल्यावर शेजारच्या आबांनीं आम्हांस शिकविण्याचें पत्करिलें. ज्वारी काढून मोकळें झालेलें त्यांचें शेत ही आमची शाळा. पहिल्या दिवशीं आबांनीं इंजिन सुरूच करूं दिलें नाहीं. त्यांनीं शेतांत एक काडी रोंवली. ते मागून गाडी ढकलीत, आणि आम्हीं दोन्ही ब्रेक दाबून ती बरोबर काडीपाशीं उभी करावयाची. सबंध सकाळ हाच खेळ चालला. फटफटी शिकावयास गेलेल्या तरुणास हा पोरखेळ अपमानकारक वाटला, हें सांगावयास नकोच. आमचा उतरलेला चेहरा पाहून आबा अहिराणींत एवढेंच म्हणाले, “पहिले थांबाले शिक, मंग पयाले.”

दुसऱ्या दिवशीं इंजिन सुरू झालें. फटफटीवर दोन हात व दोन पाय या चौघांसहि निरनिराळें काम असतें. उजव्या हाताची मूठ पिळली कीं इंजिनाचा जोर वाढतो, व त्याच हाताच्या बोटांनीं पुढचा ब्रेक लागतो. उजव्या पायाखालीं मागचा ब्रेक, डाव्या हातीं क्लच, आणि डाव्या पायाशीं गिअर. क्लच म्हणजे इंजिन व मागचें चाक यांमधील दुवा. तो दाबला कीं दुवा तुटतो, सोडला कीं जुळतो. हळूहळू सोडतां सोडतां एक क्षण असा येतो, कीं इंजिनाचा आवाज बदलतो व गाडी पुढें ओढ घेते. हा क्षण डाव्या हातास पाठ झाला पाहिजे. क्लच एकदम सुटला, तर गाडी गचका खाऊन बंद पडते, नाहीं तर उसळी मारते. आबांनीं या एका क्षणासाठीं दोन दिवस खर्चिले. गिअर टाकण्याची रीत सर्व गाड्यांची सारखी नसते. कांहींत पहिला खालीं व बाकीचे वर असतात, तर कांहींत सर्व एकाच दिशेनें पडतात. म्हणून दुसऱ्याची गाडी हातीं घेतांना ती रीत प्रथम विचारून घ्यावी.

पांचव्या दिवशीं आमचा धीर सुटला. आबा पिकास पाणी देण्यांत गुंतलेले पाहून आम्हीं त्यांस न सांगतां गाडी रस्त्यावर काढिली. शिकाऊ परवान्यावर शिकविणाऱ्यावांचून रस्त्यावर जाणें हाच मुळीं गुन्हा होता. गाडी सरळ व स्थिर चालूं लागली, वारा कानांत भरला, आणि आम्हीं वेग वाढविला. एका वळणापुढें बाभळीच्या आडून एक शेळी रस्त्यावर आली, आणि तिला धरण्यासाठीं तिच्या मागोमाग सात-आठ वर्षांची एक मुलगी. आमचा हात ब्रेकवर गेला खरा. पण भीतीनें सबंध मूठच पिळली गेली, व ब्रेकबरोबर इंजिनाचा जोरहि वाढला. क्लच दाबण्याचें भान राहिलें नाहीं. गाडी मातींत घसरून आडवी झाली. आमचा गुडघा फुटला, आणि पुढचें चाक त्या मुलीपासून हातभर अंतरावर थांबलें. ती रडली नाहीं. शेळीच्या मानेभोंवतीं हात घालून नुसती पाहत राहिली. तिचें तें पाहणें आम्ही आजवर विसरलों नाहीं. आबा धांवत आले. त्यांनीं आधीं त्या मुलीस जवळ घेतलें, मग गाडी उचलली, आणि शेवटीं आमच्याकडे पाहिलें. ते रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तीच काडी पुनः शेतांत रोंवली.

आमचें चुकलें काय? आधीं मूठ सोडावयाची व मग ब्रेक लावावयाचा, हा क्रम मनास ठाऊक होता; हातास ठाऊक नव्हता. संकटकाळीं मन गोंधळतें आणि हात आपल्या संवयीप्रमाणें वागतो. म्हणून संवय आधीं लावावी लागते. दुसरी गोष्ट अशी, कीं ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. यास्तव थांबविण्याचें मोठें काम पुढचाच ब्रेक करतो. भिऊन केवळ मागचा दाबणाऱ्यास थांबण्यास फार अंतर लागतें. परंतु पुढचा ब्रेक एकाएकीं आंवळला, किंवा वळणावर झुकलेल्या गाडीस वा मुरुमावर जोरानें लावला, तर चाक अडकून घसरतें. यासाठीं गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकाच वेळीं, क्रमाक्रमानें वाढत्या दाबानें लावावे. पावसाळ्यांत शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर पसरते. तेथें पोहोंचण्यापूर्वींच वेग उतरविलेला असावा.

आतां थोडें गणित. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं. तेवढ्यांत गाडी १० मीटर पुढें गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदास ५ मीटरनें घटतो असें मानलें, तर थांबण्यास आणखी १० मीटर लागतात. एकूण झाले २०. म्हणजे जवळजवळ क्रिकेटच्या एका खेळपट्टीएवढें अंतर. वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२ किलोमीटर केला, तर दोन खेळपट्ट्या लागतील असें तुम्ही म्हणाल. पण पहिल्या सेकंदांत २० मीटर व ब्रेक लागल्यावर ४० मीटर मिळून ६० मीटर होतात; खेळपट्ट्या तीन झाल्या! याचें कारण ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. शाळेच्या पटांगणावर दोरी धरून हीं अंतरें अवश्य मोजून पाहा. मग कापसानें भरलेली, मागें दिवा नसलेली बैलगाडी अंधारांत पुढें असेल, तर काय होईल याचा विचार करा. आपल्या दिव्याचा उजेड जेथवर पोहोंचतो, त्याच्या आंत थांबतां येत नसेल, तर तो मनुष्य डोळे असून आंधळाच चालला म्हणावयाचें.

पालकांसहि दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें १६ वर्षें पुरीं झालेल्यास परवाना घेऊन ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवितां येते. १९७२ सालीं आलेली ‘लुना’ त्या वर्गांतील होती. आपल्या घरोघरच्या फटफटीचें इंजिन साधारणतः १०० ते १२५ घनसेंटिमीटरांचें असतें, व तिच्यासाठीं १८ वर्षें पुरीं असलींच पाहिजेत. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो, व तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. २०१९ च्या दुरुस्तीनें, अल्पवयी मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा मालक यांस ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गांवाहून शाळा लांब, एस. टी. हुकली म्हणजे दिवस बुडतो, म्हणून कित्येक बापांच्या हातून किल्ली मुलाच्या हातीं जाते. ही अडचण खरी आहे, हें आम्ही जाणतों. परंतु बुडालेला दिवस भरून काढतां येतो.

दंडाहून मोठी गोष्ट जिवाची. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट घातल्यानें अपघातांत मृत्यूचा धोका शेंकडा सुमारें ४२ नें घटतो, असें अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेलें अनुमान आहे. आय. एस. आय. खुणेचें हेल्मेट हनुवटीखालीं पट्टा बांधून घालावें, आणि मागें बसणाऱ्यासहि द्यावें. तें हँडलला अडकवून नेणें म्हणजे छत्री काखेंत धरून पावसांत भिजणें होय.

असो. रस्ता एकट्या चालकाचा नसतो. पायीं जाणारी म्हातारी, गाडीचे बैल, शेळीमागें धांवणारें पोर या सर्वांचा तो असतो, आणि त्यांच्या अंगीं लोखंड नसतें. आपल्या हातीं जोर आला, कीं शेजारधर्माचें ओझें आपल्यावर वाढतें. तेव्हां मित्रहो, वय झालें म्हणजे फटफटी अवश्य शिका. परंतु प्रथम मोकळ्या शेतांत एक काडी रोंवा, आणि दहा वेळां तिच्यापाशीं बरोबर थांबतां येईल, तेव्हांच रस्त्याकडे पाहा.