बाईकच्या मागच्या सीटवर कोण आहे?



आजचा श्लोक: गीता, अध्याय २, श्लोक ४८

भावार्थ: योगात स्थिर राहून कर्म कर, संग सोड, काम साधलं किंवा फसलं तरी मन समान ठेव.

भगवंत कर्म सोडायला सांगत नाहीयेत हं, संग सोडायला सांगताहेत. हा संग कसा ओळखायचा?

रॉबर्ट पर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ (१९७४) इथे मदतीला येतं. पर्सिग कॉम्प्युटरची मॅन्युअल्स लिहायचे, म्हणजे आपल्याच लाइनीतले. काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञानही शिकले. १९६८ मध्ये मुलगा क्रिसला मागे बसवून ते मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला बाईकवर गेले. त्यावर ही कथा बेतलीये.

त्यात निवेदक दक्षिण भारतातला माकडांचा सापळा सांगतो. नारळाला भोक, आत तांदूळ. रिकामा हात आत जातो, भरलेली मूठ बाहेर येत नाही. माकडाला बांधलेलं नसतं. मूठ उघडली की सुटलं. हाच संग!

गंमत म्हणजे, निवेदकाची स्वतःचीही मूठ मिटलेलीच आहे. बाईकची तो जिवापाड काळजी घेतो, डोक्यात सतत तत्त्वचिंतन. आणि मागे क्रिस: पोट दुखतंय, रडतोय, समोर फक्त बाबांची पाठ. शेवटी दोघं मनातलं खरं बोलतात, हेल्मेट काढतात. क्रिस फूटरेस्टवर उभा राहतो आणि त्याला बाबांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसतो. प्रवास खरा तिथे पोहोचतो.

आपलंही तपासूया. जप चालू असताना आईने हाक मारली, तर आत काय उठतं? चिडचिड? याच अध्यायातला ६२ वा श्लोक साखळी सांगतो: संगातून कामना, कामनेतून क्रोध. क्रोध म्हणजे लॉगमधला एरर; रूट कॉज संग. ‘माझा जप’ यातला ‘माझा’ मुठीत धरलेला असतो. जप सोडायचा नाही, मूठ उघडायची.

आजचा अभ्यास: साधनेत किंवा कामात कुणी मध्येच आलं, तर एक श्वास घ्या, मान वळवा, त्यांचं पूर्ण ऐका. मग शांतपणे पुन्हा सुरू करा.

तुमच्या मागच्या सीटवर कोण आहे? आज त्यांना रस्ता दिसू द्या.

राम कृष्ण हरी 🙏