पेटीवर रेक्झिन चढवताना



गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आपण बँडच्या खोलीत रोज पाहतो. त्याची पेटी म्हणजे मूळचा साधा लाकडी खोका. पण हा खोका एका जागी राहत नाही. तो जिन्यावरून जातो, टेम्पोत चढतो, मैदानात उतरतो आणि कधी पावसातही भिजतो. म्हणून त्याला अंगरखा हवा. तो अंगरखा म्हणजे रेक्झिन.

या उन्हाळी सुट्टीत भिलाई-दुर्ग भागातले तीन कॅडेट जामुलला माझ्याकडे आले. एका गणेशोत्सव मंडळाच्या वाद्यवृंदाच्या पेटीचे जुने आवरण काढून त्यांनी नवे चढवले. ते काम कसे झाले, ते क्रमाने येथे देत आहे. घरी किंवा शाळेच्या कार्यशाळेत कोणालाही ते करता येईल.

रेक्झिन आले कोठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९४६ मध्ये आपली कंपनी सुरू केली. त्यांच्या सुरुवातीच्या बहुतेक ॲम्प्लिफायरवर प्रवासी बॅगांना लावतात तसे जाड विणीचे कापड असे. १९६० च्या सुमारास त्याची जागा कापडावर प्लास्टिकचा थर दिलेल्या आवरणाने घेतली. त्याचे व्यापारी नाव ‘टोलेक्स’. ते पुसता येते, पाणी आत जाऊ देत नाही आणि सहज फाटत नाही. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांनी ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या पेट्यांवरही याच जातीचे काळे आवरण आले.

आपल्याकडचा ‘रेक्झिन’ हा शब्दही मूळचा एका इंग्रजी मालाचे व्यापारी नाव. पुस्तकांची बांधणी आणि रेल्वेच्या डब्यांतली बैठक यांसाठी ते वापरत. पुढे नाव राहिले आणि माल बदलला. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, ते बहुधा कापडावर चढवलेले व्हिनाइल असते. त्यामुळे टोलेक्स मिळत नाही म्हणून अडून बसू नका. आम्ही पॉवर हाऊसच्या बाजारात गाडीची सीट कव्हरे शिवणाऱ्याकडून रेक्झिन आणले. घेताना मागची बाजू जरूर पाहा. मागे कापड असलेलेच घ्या. नुसते प्लास्टिक गोंद नीट धरत नाही आणि कडेवर ताणले की चिरते.

किती घ्यावे?

आमची पेटी २० इंच रुंद, १६ इंच उंच आणि १० इंच खोल होती. चारही बाजूंना एकच पट्टी गुंडाळायची, तर घेर २ × (२० + १६) = ७२ इंच. सांध्यासाठी २ इंच जादा धरून लांबी ७४ इंच झाली. रुंदीत पेटीची खोली १० इंच आणि पुढे-मागे आत दुमडण्यासाठी अडीच-अडीच इंच, म्हणजे १५ इंच. रेक्झिनचा पन्हा साधारणपणे ५४ इंच असतो आणि २ मीटर म्हणजे सुमारे ७८ इंच. म्हणून २ मीटर पुरले आणि उरलेल्या तुकड्यात मागची फळीही निघाली. कापण्याआधी हा हिशेब कागदावर करा.

आधी सुरक्षितता

ॲम्प्लिफायरचा प्लग काढला म्हणजे धोका संपला असे नाही. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही शे व्होल्टचा भार धरून ठेवू शकतात. म्हणून आतले विजेचे यंत्र जाणकार तंत्रज्ञाकडूनच बाहेर काढून घ्यावे. कॅडेटचे काम त्यानंतर, रिकाम्या पेटीवर. स्पीकर, त्याची फळी, मूठ, कोपऱ्यांच्या टोप्या आणि पाय काढून प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवा व पाकिटावर नाव लिहा.

चिकटवायला आम्ही रबरी गोंद वापरला. लॅमिनेट बसवताना सुतार वापरतात तोच. त्याची वाफ डोके जड करते आणि ती चटकन पेट घेते. बंद खोलीत हे काम करू नये. जवळ स्टोव्ह, उदबत्ती, काडी काहीही नको. आम्ही अंगणात, सकाळी ऊन चढण्यापूर्वी काम केले. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी गोंद ब्रशवरच सुकतो. पावसाळी, दमट दिवशीही हे काम टाळावे.

झाकणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

हेअर ड्रायरने ऊब दिली की जुने रेक्झिन सालीसारखे सुटते. ते निघाले तेव्हा वरच्या फळीत, मुठीच्या स्क्रूंभोवती, लाकूड भुसभुशीत झालेले दिसले. गेल्या गणपतीत पाणी तेथूनच आत गेले होते. एका कॅडेटने विचारले, “सर, पुट्टी भरून वर रेक्झिन लावलं तर कोणाला दिसणार आहे?”

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी उत्तर त्यांच्याकडूनच काढले. यंत्र आणि स्पीकरसह पेटी तोलली तर ती १८ किलो भरली असती. हे सगळे वजन त्या मुठीवर येते आणि मूठ त्या चार स्क्रूंवर असते. पुट्टी खड्डा भरते, पण स्क्रू धरत नाही. पेटी घेऊन जिना उतरताना मूठ उपटली, तर पेटी कोणाच्या पायावर पडेल? “पुढच्या माणसाच्या,” तोच कॅडेट म्हणाला. मग त्यानेच करवत घेतली. आमचा दीड दिवस जास्त गेला. १८ मिलिमीटर प्लायची नवी फळी बसवली आणि मुठीखाली आतून प्लायचा आणखी एक तुकडा लावला. हे काम आज बाहेरून अजिबात दिसत नाही.

त्यानंतर लहान खळगे पुट्टीने भरा. ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बाहेरच्या कडा किंचित गोल करा. धारदार कडेवर ताणलेले रेक्झिन लवकर कापले जाते. शेवटी ओलसर फडक्याने धूळ पुसून पेटी पूर्ण वाळू द्या. धुळीवर गोंद टिकत नाही.

चिकटवणे

१. रेक्झिनच्या एका तुकड्यावर गोंद लावून पाहा. पृष्ठभाग सुरकुतला तर गोंद बदला.

२. पट्टीच्या मागे आणि पेटीवर मध्यरेषा आखा. सुरुवात तळाच्या मध्यावरून करा, म्हणजे सांधा खाली राहील.

३. एका वेळी एकच बाजू घ्या. लाकूड आणि रेक्झिन दोन्हींवर गोंदाचा पातळ थर द्या. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहा. बोटाला गोंद लागला नाही म्हणजे तो तयार झाला.

४. हा गोंद टेकताच धरतो, सरकवायला सवड देत नाही. म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवा, रेषा जुळवा आणि कागद थोडा थोडा ओढत पुढे जा.

५. मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. त्यासाठी फडके गुंडाळलेले लाटणे उत्तम. आईला आधी विचारा.

६. तळाशी दोन्ही टोके एकमेकांवर एक इंच चढू द्या. तेथे अजून गोंद लावू नका. पोलादी पट्टी ठेवून नव्या पात्याने दोन्ही थर एकदम कापा. वरची आणि खालची कातरण काढा, मग गोंद लावून टोके बसवा. दोन्ही कडा एकाच कापाने झालेल्या असल्याने सांधा तंतोतंत जुळतो.

कोपरा

खरी परीक्षा कोपऱ्यात होते. कडेवरून रेक्झिन आत दुमडले की कोपऱ्याशी ते जास्तीचे होते, कारण आतला घेर बाहेरच्या घेरापेक्षा लहान असतो. ही जास्तीची घडी चिमटीत धरून ४५ अंशांत दोन्ही थर एकदम कापायचे. मात्र काप बाहेरच्या कडेपर्यंत न्यायचा नाही, दोन-तीन मिलिमीटर आधी थांबायचे. पुढे गेलात तर उघडे लाकूड दिसेल आणि पाण्यालाही तेथूनच वाट मिळेल. रेक्झिन ऐकत नसेल तर हेअर ड्रायरने थोडे गरम करा. मऊ झाले की ते वळते. जास्त तापवले तर त्याचा पोत जातो आणि ते चकाकू लागते.

एक दिवस पेटी उघड्यावर सावलीत राहू द्या. मग आरीने स्क्रूची छिद्रे टोचून मूठ, टोप्या आणि पाय बसवा. आत दुमडलेल्या कडा पुन्हा एकदा दाबून पाहा. त्या कोणी तपासणार नाही, पण रेक्झिन सुटायला सुरुवात बहुतेक वेळा तेथूनच होते.

स्वाध्याय

१. पेटी २४ इंच रुंद, १८ इंच उंच आणि १० इंच खोल आहे. एकाच पट्टीत आवरण करायला २ मीटर रेक्झिन पुरेल का? पुरत नसेल आणि दोन तुकडे करायचे असतील, तर सांधे कोठे द्याल आणि का?

२. सांध्यापाशी दोन्ही थर एकाच वेळी का कापायचे?

३. आपल्या शाळेच्या बँडच्या खोलीतली एखादी पेटी किंवा ढोलाची केस निवडा. मूठ, तळ आणि कोपरे तपासा. काय झाकलेले आहे आणि काय खरोखर मजबूत आहे, ते दहा ओळींत लिहून आपल्या प्रशिक्षकांना दाखवा.