सारख्या दिसणाऱ्या दोन होड्या

शिमगा उरकला. मुले आईबापांबरोबर मामाच्या गावाला आली. आजीही आली.

मामाचे गाव भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्याकाठी आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्षी येतात. त्यांचे पाय लांब, मान लांब, पंख गुलाबी. ते पाहायला लोक होडीतून जातात.

सकाळी सगळी काठावर गेली. मामा, दाजी, ताई, आजी आणि दोन मुले. एकूण सहा माणसे.

काठाला दोन होड्या होत्या. दोन्ही फायबरच्या. लांबी सारखी, रुंदी सारखी, इंजिनही सारखेच. पहिलीत आठ माणसे आधीच बसली होती. नावाडी ओरडला, "चला, अजून सहा जागा आहेत! माणशी पन्नास रुपये!"

दुसरी होडी रिकामी होती. तिचा नावाडी म्हणाला, "माणशी ऐंशी. आठाच्या वर एकही माणूस घेणार नाही."

दाजी म्हणाले, "होड्या तर सारख्याच. मग एकशे ऐंशी रुपये जास्त का मोजायचे?"

मामा म्हणाले, "दाजी, जरा थांबा. होडीचा रंग बघू नका. काठ बघा."

पहिल्या होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. आणखी सहा माणसे बसली, की तो आणखी खाली जाणार. मग लहानशी लाटही आत येते. आत पाणी आले, की होडी जड होते. जड झाली, की आणखी खाली बसते. पुढची लाट आणखी पाणी आणते.

मामांनी बाकाखाली हात घातला. ते म्हणाले, "इथे हवाबंद पेट्या असतात. पोहायला शिकवताना आपण पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतो ना? डबा पोराला वर धरतो. तशाच या पेट्या होडीला वर धरतात. होडीत पाणी भरले तरी तिला तळाला जाऊ देत नाहीत."

पहिल्या होडीची पेटी तडकली होती. आत पाणी डुचमळत होते. दुसरीच्या पेट्या धड होत्या.

ताईने विचारले, "आणि जाकिटे?"

पहिल्या नावाड्याने दोनच जाकिटे दाखवली. दुसऱ्याने माणसागणिक एक काढले. मुलांसाठी लहान मापाची निराळी होती.

दाजी तरी घुटमळले. तेव्हा आजी म्हणाली, "पैसे पुन्हा मिळवशील रे बाबा. ही पोरं कुठून आणशील?"

सगळी दुसऱ्या होडीत बसली. नावाड्याने आधी जाकिटांचे पट्टे आवळले. मग बजावले, "पक्षी दिसले तरी कुणी उठायचे नाही. सगळे एका अंगाला गेले, की होडी कलंडते."

मुलांनी बसूनच रोहित पाहिले. ऊन चढायच्या आत सगळी काठाला आली.

ही गोष्ट झाली. आता घडलेले ऐका. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची होडी उलटली. होडीत माजापेक्षा जास्त माणसे होती. मुले आणि शिक्षिका मिळून १४ जण बुडाले. २१ मे २०२४ रोजी उजनीच्याच पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले.

लक्षात ठेवा

१. माणसे मोजा. होडी भरली असेल तर थांबा.
२. होडीचा काठ पाण्यापासून किती वर आहे, ते पाहा.
३. आधी जाकीट घाला, मग होडीत पाय ठेवा.
४. आभाळ भरले किंवा वारा सुटला, तर जाऊ नका.
५. होडीत उभे राहू नका.

प्रश्न

१. मामांनी दुसरी होडी का निवडली?
२. बाकाखालच्या पेटीचा उपयोग काय?
३. सहाही जण पहिल्या होडीत बसले असते, तर तिच्यात किती माणसे झाली असती?