खडकांतील थरांवरून प्राचीन नदीचा शोध

वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांचे पाणी आज दक्षिणेकडे व आग्नेयेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. याच खोऱ्यात सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचे वालुकाश्म आढळतात. नागपूरजवळच्या कामठी गावावरून त्यांस ‘कामठी’ हे नाव पडले. ज्या नद्यांनी ते रचले, त्या मात्र सर्वसाधारणपणे उत्तर व वायव्य दिशांस, म्हणजे आजच्या जवळजवळ उलट, वाहत होत्या असे भूशास्त्रज्ञ सांगतात. जी नदी कोणी पाहिली नाही, तिची दिशा कशी कळली, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ‘पुस्तकात तसे आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे बरे नव्हे.

याचे उत्तर ओढ्याच्या वाळूत आहे. प्रवाह वाळूचे कण उंचवट्याच्या सौम्य चढावरून ढकलीत नेतो. माथ्यापलीकडे ते उतारावर घसरून स्थिरावतात. अशा रीतीने एकावर एक तिरपे पदर बसत जातात आणि त्यांचा उतार प्रवाहाच्या दिशेस असतो. पावसाळा संपल्यावर विद्यार्थ्यांस कोरड्या पात्रात न्यावे, ओलसर वाळू प्रवाहाच्या दिशेने खुरप्याने उभी कापावी, म्हणजे हे पदर स्पष्ट दिसतात. वाळू पुढे दगड झाली तरी ही रचना टिकून राहते.

तथापि एकाच दगडावरून निर्णय करू नये. नदी वळणे घेते. एका वळणावर ती पूर्वेस, तर दुसऱ्यावर पश्चिमेसही वाहत असेल. म्हणून निरनिराळ्या ठिकाणी होकायंत्राने पुष्कळ मोजमापे घेऊन अधिकांत अधिक पदर कोणीकडे झुकतात हे पाहतात. मूळ थरच मागाहून कलले असल्यास तो कल वजा करावा लागतो. जागेवरून निखळलेला दगड दिशेच्या कामी निरुपयोगी होय.

कणांचा आकारही बोलका असतो. गोटे व जाड वाळू वेगवान प्रवाहाची, तर बारीक माती पूर ओसरताना संथ झालेल्या पाण्याची खूण होय.

दिशा उलट का, याचे कारण तत्कालीन भूमीच्या रचनेत आहे. त्या काळी भारत गोंडवन या विशाल भूखंडाचा भाग होता, त्याच्या पूर्व किनाऱ्यालगत अंटार्क्टिकाची भूमी होती आणि बंगालचा उपसागर अस्तित्वातच नव्हता. ज्या समुद्राकडे गोदावरी आज धावते, तो नसताना जमिनीचा उतारही निराळाच होता.

पश्चिम महाराष्ट्रातील शिक्षकांनी काळ्या पाषाणात असे पदर शोधू नयेत. तो थिजलेल्या लाव्हारसाचा आहे. तेथे नदीकाठच्या जुन्या गाळाच्या दरडी पाहाव्यात. मात्र दरडीखाली मुलांस उभे करू नये.