आधी भिंतीतली वायर बघा

ओंकार नोकरीसाठी नाशिकहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलाय, अगदी अलीकडेच. शर्वरीताई त्याची मावसबहीण. तिने तिथे बरीच घरं बदलली आहेत, आणि प्रत्येक वेळी इंटरनेटही.

ओंकार : ताई, घराची चावी मिळाली एकदाची. आता नेट. नाशकात नेटवाल्याला फोन केला की संध्याकाळपर्यंत त्याचा पोरगा गच्चीवरून वायर सोडून, पासवर्ड कागदावर लिहून मोकळा. इथे प्लॅन बघून डोकं गरगरायला लागलंय. कुठली कंपनी घेऊ?

शर्वरी : कंपनीचं नंतर. तुझ्या भिंतीत कुठली वायर आहे ते आधी सांग.

ओंकार : भिंतीत? दारापाशी एक चपटी डबी आहे, तिला तीन उभ्या फटी. आणि टीव्हीच्या जागी दुसरी, गोल भोकांची.

शर्वरी : फटींची ती टीएई. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा तिथे येतात, त्यांच्यावर डीएसएल चालतं. गोल भोकांची टीव्ही केबलची. तिला तोंडं किती, दोन की तीन?

ओंकार : तीन. तिसऱ्याला बाहेरून आटे आहेत.

शर्वरी : मग झालं. आटेवालं तोंड इंटरनेटचं. दोनच असती तर डबी जुनी, नुसती रेडिओ-टीव्हीची. माणूस बोलावून बदलून घ्यावी लागली असती. म्हणजे तुला दोन्ही रस्ते मोकळे आहेत.

ओंकार : आणि फायबर? जर्मनी म्हटल्यावर ते मी गृहीतच धरलं होतं.

शर्वरी : सगळेच धरतात आणि इथे आल्यावर तोंडात बोट घालतात. 1981 साली हेल्मुट श्मिट चॅन्सेलर असताना देशभर फायबर टाकायचा तीस वर्षांचा बेत ठरला होता. पुढच्याच वर्षी सरकार बदललं, हेल्मुट कोल आले. त्यांना घराघरात खाजगी टीव्ही वाहिन्या न्यायच्या होत्या, म्हणून जमिनीखाली गेली ती टीव्हीची केबल. आज त्याच केबलवरून लोक इंटरनेट घेतात, ही त्यातली गंमत. फायबर आता टाकताहेत, पण गल्लीत आलं म्हणजे तुझ्या मजल्यावर आलं असं समजू नकोस.

ओंकार : बरं, मग या दोनांत चांगलं कुठलं?

शर्वरी : रस्त्याच्या कडेला राखाडी पेट्या दिसल्या असतील तुला. बहुतेक ठिकाणी फायबर तिथपर्यंत आलेलं असतं, तिथून घरापर्यंत तांबं. पेटी जवळ असेल तर डीएसएलवर 250 एमबीपीएसपर्यंत मिळतात, लांब असेल तर 100 किंवा 50, आणि काही खेड्यांत 16 वर भागवतात. तारेची लांबी वाढली की वेग गळतो. कंपनी बदलून त्यावर इलाज होत नाही, कारण ते तांबं डॉइच टेलिकॉमचं. दुसऱ्या कुणाकडून डीएसएल घेतलंस तरी बहुधा त्याच तारा, फक्त बिलावरचं नाव वेगळं.

ओंकार : आणि केबल?

शर्वरी : तिथे 1000 पर्यंत डाउनलोड देतात, अपलोड मात्र 50 च्या आसपास. शिवाय एकाच केबलवर आजूबाजूची सगळी घरं असतात. रात्री जो तो सिनेमा लावून बसला की वेग बसतो; कुठल्या भागात किती, हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. इथे श्टुटगार्टमध्ये ही केबल 2019 पासून व्होडाफोनकडे आहे.

ओंकार : माझे पुण्याच्या टीमबरोबर रोज व्हिडिओ कॉल असतात. म्हणून 1000 चाच घ्यावा म्हणत होतो.

शर्वरी : व्हिडिओ कॉलला 1000 काय करायचेत? वेग स्थिर हवा, मोठा नव्हे. माझं मत विचारशील तर एकट्या माणसाने 100 चं डीएसएल घ्यावं आणि गप्प बसावं. केबलच घ्यायची असेल तर आधी खालच्या मजल्यावर विचार, रात्री नऊ वाजता कशी चालते.

ओंकार : डीएसएलचा फॉर्म उघडला होता मी. त्यात आधीच्या भाडेकरूचं नाव विचारलंय. त्याचा काय संबंध?

शर्वरी : तोच तर सगळा खेळ आहे. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. ‘दुसरा मजला, डावीकडे’ आणि घंटीवरचं आडनाव, हाच पत्ता. तळघरात तारांची पेटी असते. त्यातली कुठली जोडी वर तुझ्याकडे येते, हे आधीच्या माणसाच्या नावावरून शोधायला सोपं जातं. घरमालकाला विचारून ते नाव लिही. डबीवर एखादा नंबर चिकटवलेला असेल तर तोही. तंत्रज्ञ ‘सकाळी 8 ते 12’ अशी वेळ देतो. आला आणि घंटीवर तुझं नाव दिसलं नाही, तर ‘ग्राहक भेटला नाही’ असा शेरा मारून निघून जातो, की पुन्हा तारखेसाठी रांगेत. आणि तळघराची किल्ली हाउसमाइस्टरकडून, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याकडून, आदल्या दिवशीच मागून ठेव. तो सुट्टीवर असला की तंत्रज्ञ दारात येऊनही काम होत नाही.

ओंकार : करार सगळीकडे 24 महिन्यांचा दिसतोय. माझी नोकरीच सध्या एक वर्षाची आहे.

शर्वरी : 24 महिने ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे. कंपनीने 12 महिन्यांचा पर्यायही द्यायलाच हवा, असंही त्याच कायद्यात आहे. तो पहिल्या पानावर झळकत नाही, मागावा लागतो. महिन्याच्या नोटिसवर सुटणारे करारही मिळतात, पण सुरुवातीचा खर्च जास्त. आणि ते ‘पहिले सहा महिने स्वस्त’ला भुलू नकोस. सगळ्या महिन्यांची बेरीज कर, राऊटरचं भाडं आणि जोडणीचे पैसे मिळव, मग महिन्यांनी भाग.

ओंकार : मुदत संपली की आपोआप वाढतो म्हणे.

शर्वरी : वाढतो, पण आता त्यात फास नाही. पूर्वी वेळेत पत्र पाठवायला विसरलं की आणखी एक वर्ष गळ्यात पडायचं. 1 डिसेंबर 2021 पासून मुदतीनंतर केव्हाही एक महिन्याच्या नोटिसवर बाहेर पडता येतं. ऑनलाइन केलेला करार 14 दिवसांत कारण न देता मागेही घेता येतो. कंपनीचाच राऊटर घ्यायची सक्तीही 1 ऑगस्ट 2016 पासून गेली. फ्रिट्झबॉक्स नावाचा राऊटर जुना विकत घे, फक्त डीएसएलचा आणि केबलचा वेगळा असतो, ते बघून.

ओंकार : कागदपत्रं?

शर्वरी : पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, ती राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत तशीही करावीच लागते. आणि बँक खातं, कारण पैसे दर महिन्याला परस्पर खात्यातून कापतात. काही कंपन्या शुफाकडे चौकशी करतात. कोण बिलं वेळेवर भरतो याची नोंद ठेवणारी ही संस्था; नवख्याची तिथे नोंदच नसते, म्हणून कधी कधी अर्ज अडतो. मग दुसरी कंपनी बघायची.

ओंकार : आणि जोडणी होईपर्यंत?

शर्वरी : प्रीपेड सिम आणि हॉटस्पॉट. सिमला पासपोर्ट दाखवावा लागतो. आणि एक कानमंत्र : टॉरेंटवरून सिनेमे उतरवू नकोस. टॉरेंट उतरवता उतरवता तोच सिनेमा इतरांना वाटतही असतं. मग वकिलाचं पत्र येतं, कनेक्शन ज्याच्या नावावर त्याला, आणि मागणी शेकडो युरोंची. घरात कुणी पाहुणा आला तर त्यालाही वायफाय देताना हे सांग.

ओंकार : तंत्रज्ञ आलाच नाही तर? किंवा 100 घेतले आणि 30 च मिळाले तर? माझं जर्मन अजून ‘गुटन टाग’पुढे सरकलेलं नाही, भांडू कसा?

शर्वरी : फोनवर भांडायचंच नाही, लिहायचं. ठरलेल्या वेळी तंत्रज्ञ आला नाही तर 10 युरो किंवा महिन्याच्या बिलाचे 20 टक्के, जे जास्त असेल ते मागता येतं. नेट पूर्ण बंद पडलं आणि कळवूनही दोन दिवसांत दुरुस्त झालं नाही, तर तिसऱ्या दिवसापासून रोजची भरपाई सुरू होते. 5 युरो किंवा 10 टक्के, पाचव्या दिवसापासून दुप्पट. वेगाची तक्रार असेल तर बुंडेसनेट्सआगेंटूर या सरकारी नियामकाचं मोजणीचं ॲप आहे. लॅपटॉप वायफायवर नाही, राऊटरला केबलने जोडायचा आणि तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून 30 मोजण्या करायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण तो अहवाल हातात असला की बिल कमी करून घेता येतं किंवा करार मोडता येतो.

ओंकार : आणि वर्षाने नाशिकला परतावं लागलं तर?

शर्वरी : जर्मनीतल्याच नव्या घरी गेलास आणि तिथे ती कंपनी सेवा देऊ शकत नसेल, तर एक महिन्याच्या नोटिसवर सुटका. देश सोडतानाही लोक याच नियमावर करार मोडतात, पत्त्याची नोंदणी रद्द केल्याचा कागद जोडून. 1 जुलै 2022 पासून कंपनीच्या साइटवर करार रद्द करायचं बटण ठेवणं बंधनकारक आहे. ते दाबलं की येणारी पोच जपून ठेव. तरी कुणी ऐकलं नाही, तर त्याच नियामकाकडे तंटे मिटवणारा विभाग आहे. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही. फक्त आधी कंपनीला लिहिलं होतं याचा पुरावा मागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून एकही मेल पुसू नकोस.